दोन बाण आणि एक हंस : सात वर्षांच्या तिरंदाजासाठी बाण कसा निवडत?

१/
इ.स. १५४१-४२ च्या अधिवेशनात इंग्लंडच्या संसदेने एक कायदा केला. घरात सात वर्षांचा मुलगा असेल, तर बापाने त्याला एक धनुष्य आणि दोन बाण घेऊन द्यावेत व नेमबाजी शिकवावी, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. मुलगा सतरा वर्षांचा झाला की बाण दोनाचे चार होत. ते जवळ नसतील तर दंड सहा शिलिंग आठ पेन्स.

मुलाच्या वाट्याला बाण दोनच. मग ते कोणत्या लाकडाचे, किती जाड, कोणत्या पिसांचे? आजच्या सूत्रात हा प्रश्न सोडवू. #इतिहाससूत्र

२/
प्रश्न किरकोळ वाटण्याचा संभव आहे. इंग्लिश लाँगबोविषयी आपण पुष्कळ वाचतो. १३४६ ची क्रेसीची लढाई, १४१५ ची अ‍ॅजिनकोर्टची लढाई, आणि फ्रेंच सरदारांवर कोसळलेला शरवर्षाव. या कथांचा नायक नेहमी धनुष्य असते.

वास्तविक धनुष्य जागेवरच राहते. लक्ष्यापर्यंत जातो तो बाण. धनुष्य चांगले असेल तर वर्षानुवर्षे टिकते. बाण मात्र हरवतो, वाकतो, मोडतो, भिजतो. म्हणून तिरंदाजीचा खरा रोजचा खर्च आणि खरी रोजची विद्या बाणात आहे.

३/
या विद्येचे दोन उत्तम साक्षीदार आपल्याला लाभले आहेत, आणि योगायोग असा की दोघांचेही साल एकच आहे : १५४५.

पहिला साक्षीदार एक पुस्तक. दुसरा साक्षीदार एक बुडालेले जहाज.

पुस्तक सांगते की बाण कसा असावा. जहाज सांगते की तो प्रत्यक्षात कसा होता. या दोन साक्षी काही ठिकाणी जुळतात, काही ठिकाणी जुळत नाहीत. जिथे जुळत नाहीत, तिथे इतिहास अधिक बोलका होतो.

४/
पुस्तकाचे नाव ‘टॉक्सोफिलस’, म्हणजे धनुष्यावर प्रेम करणारा. लेखक रॉजर अ‍ॅशम, केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातला ग्रीक भाषेचा अभ्यासक, वय तिशीच्या आसपास. पुढे राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक म्हणून तो प्रसिद्ध झाला.

दोन मित्रांच्या संवादाच्या रूपाने हे पुस्तक लिहिले आहे. पहिल्या भागात तिरंदाजीची थोरवी, दुसऱ्यात तिची साधने आणि रीत. पुस्तक आठव्या हेन्रीला अर्पण केले होते. राजा प्रसन्न झाला आणि अ‍ॅशमला वर्षाला दहा पौंडांचे वेतन मिळाले.

५/
जहाजाचे नाव ‘मेरी रोझ’. आठव्या हेन्रीच्या आरमारातले हे लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंच आरमाराशी झुंजत असताना पोर्ट्समथजवळच्या सोलंट खाडीत बुडाले. बहुतेक सारे खलाशी व सैनिक त्याच्याबरोबर गेले.

११ ऑक्टोबर १९८२ रोजी त्याचा सांगाडा समुद्रतळावरून वर काढण्यात आला. गाळाने झाकल्यामुळे लाकूड टिकले होते. त्यातून शंभराहून अधिक धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले. त्या काळातील इंग्लिश युद्धबाणांचा इतका मोठा साठा दुसरीकडे कुठेही सापडलेला नाही.

६/
आता मुलाकडे वळू. अ‍ॅशमचे बालपण सर हम्फ्री विंगफील्ड यांच्या घरी गेले. हे नामांकित वकील, पुढे हाउस ऑफ कॉमन्सचे सभापतीही झाले. लंडनला गेले की ते परत येताना घरातल्या मुलांसाठी धनुष्ये आणि बाण घेऊन येत, मुलांना मैदानावर नेत, आणि जो सर्वांत नीटस नेम साधेल त्याला सर्वांत चांगले धनुष्य व बाण मिळत. ही आठवण अ‍ॅशमने स्वतःच नोंदवून ठेवली आहे.

एक लक्षात घ्या. बक्षीस नेम ‘लागण्याला’ नव्हते, नीट ‘सोडण्याला’ होते. लहान वयात रीत बसली की नेम मागाहून येतो, हा त्यामागचा विचार.

७/
दुसरी आठवण धर्मोपदेशक ह्यू लॅटिमर यांची. १५४९ साली सहाव्या एडवर्डसमोर दिलेल्या प्रवचनात त्यांनी सांगितले की त्यांचे वडील त्यांच्या वयाला आणि ताकदीला साजेशी धनुष्ये विकत आणीत, आणि ते वाढत गेले तशी धनुष्येही मोठी होत गेली. नुसत्या हाताने नव्हे, तर सारे अंग घालून धनुष्य ओढायला वडिलांनीच शिकवले.

लॅटिमरचे वडील साधे शेतकरी होते, आणि विंगफील्ड बडे गृहस्थ. पद्धत मात्र दोन्ही घरांत एकच : साधन मुलाच्या मापाचे.

८/
कायद्यालाही हे ठाऊक होते. सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती महागडे ‘यू’ लाकडाचे धनुष्य देऊ नये, आईबाप सधन असतील तरच चालेल, अशी अट त्यात होती. धनुष्य करणाऱ्यांनी एल्म, अ‍ॅश यांसारख्या स्वस्त लाकडांची धनुष्येही ठेवावीत, असाही दंडक होता.

कारण उघड आहे. चांगले यू लाकूड परदेशांतून आणावे लागे. दर दोन वर्षांनी लहान पडणाऱ्या धनुष्यावर ते कोण घालवील?

९/
धनुष्य बदलले की बाणही बदलावा लागतो. नवखे इथेच फसतात. बाण ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ असा सुटा ठरत नाही. तो अमुक धनुष्याला आणि अमुक हाताला साजेसा असतो किंवा नसतो.

अ‍ॅशम याबाबत फार स्पष्ट आहे. बलदंड धनुष्यावर फार हलका बाण चढवला तर धनुष्यालाच इजा होते, कारण सुटलेली शक्ती बाणाने न नेल्यामुळे धनुष्याच्या अंगात परत जाते. उलट दुबळ्या धनुष्यावर जड बाण चढवला तर तो रखडत जाऊन लवकरच खाली येतो. म्हणून दोन्ही टोके टाळून मधला बाण निवडावा.

१०/
यामागचे भौतिकशास्त्र विसाव्या शतकात उलगडले. त्या काळच्या धनुष्याला बाणासाठी मधोमध खिडकी नसे. बाण धनुष्याच्या दांड्याला खेटून, धरलेल्या मुठीवर टेकलेला असे. म्हणजे दोरी सुटल्यावर ती बाणाला सरळ मधोमध ढकलू पाहते, आणि बाणाच्या वाटेत धनुष्य उभे असते!

मग बाण सरळ जातो कसा? तो वाकतो. प्रथम एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, सापासारखी वळणे घेत तो धनुष्याला वळसा घालतो आणि पुढे जाऊन स्थिरावतो. वेगवान कॅमेऱ्यांनी हे दृश्य टिपले गेले. इंग्रजीत याला ‘धनुर्धराचा विरोधाभास’ अशा अर्थाचे नाव आहे.

११/
यावरून मुलाच्या बाणाचा पहिला नियम निघतो. दांडी फार ताठ असेल, तर हलक्या धनुष्याच्या जोराने ती पुरेशी वाकत नाही आणि बाण बाजूला फेकला जातो. दांडी फार लवचीक असेल, तर ती जास्त वाकून उलट बाजूला भरकटते.

बापाचे बाण मुलाला दिले तर नेमके पहिले संकट ओढवते. मुलगा बिचारा स्वतःला दोष देत बसतो, आणि दोष दांडीच्या जाडीत असतो. म्हणून मुलाची दांडी बारीक व हलकी हवी.

लांबीचा नियम वेगळा. बाण मुलाच्या ओढीपेक्षा थोडा लांबच असावा. आखूड बाण पूर्ण ओढला की त्याचे टोक धनुष्याच्या मागे येऊन धरलेल्या हातावर पडते. पुढे काय होईल, ते सांगायला नको.

१२/
लाकूड कोणते? अ‍ॅशमने दांडीसाठी पंधरा प्रकारची लाकडे मोजली आहेत. त्यांत ब्राझील लाकडासारखी परदेशी जड लाकडे आहेत, तशीच बर्च, ओक, अ‍ॅश, बीच, अ‍ॅस्पेन अशी घरची झाडेही आहेत.

फार जड लाकडाचा बाण मंद, फार पोकळ लाकडाचा बाण उडता. रोजच्या नेमबाजीसाठी मधल्या वजनाची लाकडे त्याला पसंत आहेत, जसे बर्च व हॉर्नबीम, आणि काही ओक व अ‍ॅश. युद्धाच्या बाणासाठी मात्र त्याचे मत ठाम आहे : अ‍ॅश. ते वेगाने जाते आणि वजनामुळे घावही जोराचा बसतो.

१३/
लाकूड निवडले तरी दांडी सरळ करणे हे मोठे जिकिरीचे काम. लाकूड चांगले मुरलेले हवे, शिरा टोकापासून टोकापर्यंत अखंड हव्यात, आणि जरासा बाक दिसला तरी ऊब देऊन, दाबून तो काढावा लागतो. एक डोळा मिटून दांडीवरून पाहायचे, फिरवायचे, पुन्हा पाहायचे. हे शेकडो वेळा.

मराठी वाचकाला हा कारागीर परका नाही. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने सांगितलेल्या चोवीस गुरूंमध्ये एक शरकर्ता आहे. बाण सरळ करण्यात तो इतका गढला होता की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला कळले नाही.

१४/
एकनाथ महाराजांनी या एकादश स्कंधावरची आपली मराठी टीका १५७३ साली काशीत पूर्ण केली, म्हणजे ‘टॉक्सोफिलस’नंतर अवघ्या अठ्ठावीस वर्षांनी. दोघांमध्ये काही संबंध नाही. तरी एक साम्य मनात भरते. लॅटिन हीच विद्वानांची भाषा असताना अ‍ॅशमने मुद्दाम इंग्रजीत लिहिले व त्याचे समर्थन केले. संस्कृताच्या नगरीत बसून नाथांनी मराठीत लिहिले.

असो. आपण बाणाकडे परतू.

१५/
दांडीच्या पुढच्या टोकाला लोखंडी फाळ, मागच्या टोकाला दोरी बसण्यासाठी खाच. फाळामुळे पुढची बाजू जड होते, आणि ती तशी असायलाच हवी. कारागीर कधी दांडीच्या टोकाशी होली किंवा ब्राझील लाकडाचा जड तुकडा सांधून तोल साधत. टोक मोडण्याचे भयही त्याने कमी होई.

खाच हा नाजूक भाग. दोरीचा सारा धक्का तिथेच बसतो आणि दांडी उभी चिरण्याचा धोका असतो. ‘मेरी रोझ’च्या बाणांत यावर उपाय दिसतो : खाचेच्या आडव्या दिशेने लाकडात चीर पाडून तिच्यात शिंगाची पातळ पट्टी बसवलेली. मुलासाठी बाण घेताना आधी खाच तपासावी, कारण इथे चिरलेला बाण चेहऱ्याजवळ फुटतो.

१६/
आता पिसे. पिसांचे काम काय? दांडी सुटताना वळवळते, हे आपण पाहिले. मागच्या टोकाची पिसे हवेचा विरोध पकडतात, त्यामुळे शेपूट मागे खेचले जाते आणि टोक पुढे राहते. शिवाय पिसांच्या नैसर्गिक वळणामुळे बाण स्वतःभोवती फिरतो. दांडीत राहिलेला बारीकसा दोष त्या फिरण्यात विरून जातो.

पिसाचा आणखी एक गुण आहे. धनुष्याला किंवा मुठीला घासून जाताना ते क्षणभर दबते आणि लगेच पूर्ववत होते. ताठर पाते तिथे अडखळून बाणाची दिशा बिघडवील.

१७/
कोणत्या पक्ष्याची पिसे? अ‍ॅशमचे उत्तर एका शब्दाचे : हंस. मात्र आपल्या काव्यातला मोती टिपणारा राजहंस मनात आणू नका. हा शेतकऱ्याच्या अंगणात कलकलाट करणारा, करड्या पिसांचा पाळीव ‘गूज’. त्याची पिसे घट्ट व चिवट असतात आणि पाहिजे तितकी मिळतात.

मोराच्या पिसांचे बाण तेव्हा हौसेने वापरले जात. अ‍ॅशमला ते पसंत नाहीत. बाण सरळ आणि समतोल ठेवण्याचे काम ती क्वचितच करतात. शोभेसाठी ज्यांनी घेतली, त्यांनी फायद्यासाठी ती सोडली, असा त्याचा टोला आहे. नव्या मुलाला रंगीबेरंगी बाणाचा मोह पडतो, तेव्हा हे ऐकवण्याजोगे आहे.

१८/
पिसांवरून बाणाला नाव देण्याची चाल आपल्याकडे फार जुनी. महाभारतात ‘कंकपत्र’ म्हणजे कंक पक्ष्याची पिसे लावलेले, आणि ‘गार्ध्रपत्र’ म्हणजे गिधाडाची पिसे लावलेले बाण वारंवार येतात. बाणाच्या पिसे लावलेल्या भागाला संस्कृतात ‘पुंख’ म्हणतात. त्यावरूनच ‘पुंखानुपुंख’ हा शब्द झाला : एका बाणाच्या पुंखाला दुसरा बाण भिडावा इतक्या अखंडपणे.

पक्षी प्रांताप्रमाणे वेगळे असले, तरी मोठ्या पक्ष्याच्या पंखातील ताठ पीसच हवे, ही जाण सर्वत्र एक दिसते.

१९/
हंस ठरला, पण कोणता हंस? म्हाताऱ्या हंसाचे पीस ताठ आणि मजबूत. वाऱ्यात ते टिकते, जड बाणाला शोभते. कोवळ्या हंसाचे पीस मऊ आणि बारीक. ते वेगवान, हलक्या बाणाला योग्य.

म्हणजे आपल्या सात वर्षांच्या मुलाचा हलका बाण कोवळ्या हंसाची पिसे मागतो. पंखातल्या जागेप्रमाणेही पिसाचा ताठपणा बदलतो, म्हणून पंखाच्या टोकाचे पीस वेगळे आणि त्याच्या आतले वेगळे, असा भेद कारागीर करीत. एका बाणावर सारख्या ताठपणाची पिसे बसवणे, हे त्यातले मर्म.

२०/
आता सर्वांत महत्त्वाचा नियम. एका बाणावरची तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखाची हवीत. डाव्या पंखाचे पीस एका बाजूला वळलेले असते, उजव्या पंखाचे त्याच्या उलट, आरशातल्या प्रतिमेसारखे. दोन्ही मिसळली तर एक पीस बाणाला इकडे फिरवू पाहते, दुसरे तिकडे. बाण धड फिरत नाही, आणि गती मात्र गमावतो.

सगळे बाण डाव्या पंखाचे, किंवा सगळे उजव्या पंखाचे, काहीही चालते. मिसळ चालत नाही. आजही पारंपरिक बाणाला पिसे लावणारा पहिली गोष्ट हीच पाहतो.

२१/
तीन पिसे दांडीभोवती सारख्या अंतरावर बसतात. त्यांतले एक खाचेला काटकोनात असते आणि धनुष्यापासून दूर, बाहेरच्या बाजूला राहते. बाकीची दोन मग धनुष्याच्या दांड्याला कमीत कमी घासतात.

हे बाहेरचे पीस काळे किंवा करडे, म्हणजे इतरांहून वेगळ्या रंगाचे असावे, असे अ‍ॅशम सुचवतो. घाईत बाण चढवतानाही नजर त्यावर जाते आणि बाण उलटा बसत नाही. लहान मुलाला हा रंग हजार सूचनांच्या जागी पुरतो.

२२/
पिसे कापावी कशी? उंच की ठेंगणी, त्रिकोणी की चौकोनी? अ‍ॅशमने आकारांना गावरान नावे दिली आहेत : डुकराच्या पाठीसारखा फुगीर आणि खोगिरासारखा मध्ये दबलेला. फुगीर आकार हवा जास्त धरतो, म्हणून बाण लवकर मंदावतो. दबलेला आकार कमी धरतो.

जड बाणाला, जड फाळाला उंच पिसे हवीत. हलक्या बाणाला ठेंगणी. मुलाच्या बाणावर युद्धबाणाची भलीमोठी पिसे लावली तर तो वाटेतच दम सोडील.

२३/
आणि ती दांडीला चिकटतात कशी? ‘मेरी रोझ’च्या बाणांवरची पिसे समुद्राने खाल्ली, पण त्यांच्या जागा राहिल्या. तिथे चिकटद्रव्याचा थर सापडला, त्यात तांब्याचा अंश होता, आणि थरावर दोऱ्याच्या वेढ्यांच्या खुणा उमटलेल्या होत्या.

म्हणजे पीस आधी चिकटवीत, मग त्याच्या तंतूंमधून बारीक दोरा फिरवीत वेढे घालीत. प्रत्येक वेढ्याला तंतू विंचरून वाट करायची, दोरा दाबायचा, तंतू पुन्हा मिटवायचे. या वेढ्यांचा मुख्य हेतू पुढच्या टोकाशी कळतो. तिथे पिसाचा कणा सुटला, तर बाण सुटताना तोच मुठीत घुसतो.

२४/
आतापर्यंत आपण एका बाणाविषयी बोललो. राज्याला मात्र लाखो बाण हवे होते.

१४१७ साली पाचव्या हेन्रीने शेरीफांना हुकूम दिला की अंड्यांवर ठेवायच्या माद्या वगळून प्रत्येक हंसाच्या पंखांची सहा पिसे गोळा करावीत. पुढल्या वर्षी, १४१८ मध्ये, मागणी आकड्यातच आली : ११,९०,००० पिसे.

एका पिसाचे एक पाते धरून गणित करू. एका बाणाला तीन, म्हणजे सुमारे चार लाख बाण. एका हंसाची सहा पिसे धरली, तर जवळपास दोन लाख हंस.

२५/
हा साठा किती दिवस पुरला असता? पाच हजार धनुर्धर, प्रत्येकी मिनिटाला सहा बाण धरले, तर मिनिटाला तीस हजार बाण. चार लाख बाण तेरा-चौदा मिनिटांत संपतात!

सहा पिसे म्हणजे नेमके दोन बाण. प्रत्येक पंखाची तीन घेतली, तर एक बाण डाव्या पंखाचा आणि एक उजव्या पंखाचा, दोन्ही नियमाला धरून. सात वर्षांच्या मुलाला कायद्याने देऊ केलेले दोन बाण, म्हणजे अंगणातला एक हंस.

२६/
लाकडाचीही तीच ओढाताण. १४१६ च्या कायद्याने चिखलात वापरायच्या लाकडी खडावा करणाऱ्यांना अ‍ॅस्पेनचे लाकूड वापरण्यास मनाई झाली, कारण ते बाणांना हवे होते. मोडणाऱ्यास शंभर शिलिंग दंड. पन्नासेक वर्षांनी त्या कारागिरांनी अर्ज केला, तेव्हा बाणांना निरुपयोगी ठरलेले अ‍ॅस्पेन वापरण्याची मुभा मिळाली.

फाळांचीही तपासणी होती. चौथ्या हेन्रीच्या काळातल्या कायद्याप्रमाणे फाळाचे टोक पोलादाने कठीण केलेले आणि त्यावर कारागिराची खूण उमटवलेली असणे आवश्यक होते. वाईट फाळ सापडला, तर तो कुणाचा हे लगेच कळावे.

२७/
व्यवसायही विभागले गेले. लंडनमध्ये १३७१ साली बाण करणाऱ्यांनी धनुष्य करणाऱ्यांपासून आपला वेगळा धंदा मागून घेतला. धनुष्य करी तो बोयर, दांडी घडवून पिसे लावी तो फ्लेचर, फाळ घडवी तो अ‍ॅरोस्मिथ, दोरी वळी तो स्ट्रिंगर.

ही नावे ओळखीची वाटली? आपल्याकडची सुतार, लोहार, कासार ही आडनावे जशी धंद्यांवरून आली, तशीच ही. आज एखाद्या फ्लेचरला ठाऊकही नसेल की त्याचा पूर्वज हंसाच्या पिसांवर पोट भरीत होता.

२८/
आता दोन साक्षी समोरासमोर ठेवू. अ‍ॅशम म्हणतो, युद्धाच्या बाणांना अ‍ॅश लाकूडच हवे. आणि तक्रार करतो की प्रत्यक्षात अ‍ॅस्पेन वापरले जाते. पुस्तकी माणसाची कुरकुर म्हणून हे सोडून देता आले असते.

पण ‘मेरी रोझ’मधले बाण तपासले, तेव्हा बहुसंख्य बाण पॉप्लरचे निघाले. अ‍ॅस्पेन हा त्याच कुळातला वृक्ष. अ‍ॅशची दांडी त्यांत आहे, पण थोड्यांची. म्हणजे अ‍ॅशमची तक्रार खरी होती. राजाच्या कोठारात जे बाण होते, ते हलक्या, झटपट घडणाऱ्या लाकडाचे होते.

२९/
याला केवळ काटकसर म्हणून चालणार नाही. पॉप्लर हलके, त्यामुळे बाण लांब जातो, ते लवकर वाढते आणि सहज तासले जाते. चार लाख बाण हवे असतील, तर प्रत्येक धनुर्धराच्या हाताला मापून बाण करता येत नाहीत. साधारण तीस इंच लांबीचा, कुणालाही चालेल असा बाण करावा लागतो.

मग माप कुठे जुळवायचे? उत्तर एकच उरते : माणसात. बाण ठरावीक, तर त्याला पुरेल इतके बलदंड धनुष्य ओढणारा माणूस घडवला पाहिजे. सात वर्षांपासूनच्या सक्तीचा अर्थ इथे लागतो. लहानपणी बाण मुलाच्या मापाचा. मोठेपणी तो स्वतः राज्याच्या बाणाच्या मापाचा.

३०/
या घडणीची किंमत हाडांवर उमटली. ‘मेरी रोझ’मधल्या मानवी सांगाड्यांत खांद्याच्या हाडाचे एक टोक वाढीच्या वयात जुळायचे ते जुळलेच नाही, अशी उदाहरणे नेहमीपेक्षा बरीच जास्त आढळली. कोवळ्या वयापासून भारी धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा, असे अभ्यासकांनी सुचवले आहे. त्या धनुष्यांची ओढ शंभर पौंडांच्या वर, काहींची दीडशेच्याही पुढे असावी असा अंदाज आहे.

कायद्यात लिहिलेले ‘दोन बाण’ वाचताना ही हाडे विसरू नयेत.

३१/
आणि अखेर? १५९५ साली राणीच्या मंत्रिमंडळाने प्रशिक्षित पथकांतून धनुष्य बाद करून बंदुका आणण्याचा आदेश काढला. त्या काळची बंदूक नेमात आणि वेगात लाँगबोपेक्षा सरस होती असे नाही. पण बंदूक चालवणारा काही आठवड्यांत तयार होई. धनुर्धर तयार व्हायला एक बालपण लागे, आणि त्या बालपणाच्या प्रत्येक टप्प्यावर त्याच्या मापाचे धनुष्य व बाण घेऊन देणारा बाप लागे.

कायद्याने बापाला दंड करता येतो. संध्याकाळी मुलाला मैदानावर नेण्याची त्याची हौस मात्र कायद्याने निर्माण होत नाही. मुले शिकत नाहीत, खेळात वेळ दवडतात, ही तक्रार प्रत्येक नव्या फर्मानात पुन्हा येते, ती त्यामुळेच.

३२/
तुमच्यापैकी कुणी पारंपरिक तिरंदाजी शिकत असेल, किंवा धाकट्या भावंडासाठी बाण निवडत असेल, तर पाच गोष्टी ध्यानात असू द्या.
• दांडीची लवचीकता धनुष्याच्या ओढीशी जुळलेली.
• लांबी ओढीपेक्षा थोडी जास्त.
• खाच निर्दोष, दांडीत बारीकशीही चीर नाही.
• तिन्ही पिसे एकाच पंखाची, एक वेगळ्या रंगाचे.
• पिसांच्या पुढच्या टोकाचे वेढे घट्ट.
बाण सोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी तो तपासावा, आणि शेजारी जाणता शिक्षक असावा.

३३/
‘मेरी रोझ’चे बाण आज पोर्ट्समथच्या संग्रहालयात आहेत. कातड्याच्या चकत्याही तिथे मिळाल्या, प्रत्येकीला चोवीस छिद्रे, म्हणजे एका जुडीचे चोवीस बाण. पिसे एकमेकांवर दबून मोडू नयेत म्हणून प्रत्येक बाणाला आपले स्वतंत्र छिद्र. चार लाखांच्या हिशोबातही एकेका पिसाची ही काळजी कुणीतरी घेतली होती.

पुढील सूत्रात धनुष्याची दोरी : अंबाडी, ताग आणि रेशीम यांची गोष्ट. शंका असतील तर खाली जरूर विचारा. #इतिहाससूत्र